हिरव्या जाळीचं टोपडं

—नगं, तिथं नगं ठिवू ती पिशवी, दादा. माज्या पुढ्यात तर अजिबात नगं, बेदाण्यात नारळाच्या शेंड्या पडल्या तर मुकादम बोंब मारंल माज्या नावानं. दिसतंय मला काय हाय त्यात, म्हातारी झाले म्हणून आंधळी न्हाई झाले — नारळ हाय, लुगडं हाय, वर पेढ्याचा पुडा. जतपास्नं मांडीवर घिऊन बसला असशील, पेढं चेपू न्हाईत म्हणून. तुजं असंच. तो क्रेट उलटा घाल आन् बस त्येच्यावर. पाणी पी आधी. बाकीच्या बाया जेवाय गेल्यात त्या लिंबाखाली, अर्धा तास तरी कोण येत न्हाई. मी न्हाई गेले. आजकाल घासच उतरत न्हाई. तू बोल नगंस, मीच बोलते. आन् ह्या घमेल्यातला बेदाणा निवडत हात चालू ठिवते, राग मानू नगंस — हात थांबला की मला बोलाय येत न्हाई.

तुज्या धाकट्या अंजनाला मी सून करून घेणार न्हाई. झालं. आता तोंड आसं नगं करू. व्हय, मीच निरोप धाडला हुता, मी कुठं न्हाई म्हणते? दोन म्हैन्यामागं मीच फोन करून म्हणलं तुला, तुज्या थोरलीनं, मायानं, माज्या घराचा इस्कोट केला, माज्या लेकाची, धनाजीची आन् तिची फारकत करू आन् तिच्या जागी धाकटी दे. भावाचं घर तुटाय नगं म्हणून म्हणलं. लय शाणी म्हणायची मी. पर दादा, तू बी कसा रं? मला वाटलं हुतं तू फोन आपटशील. मला वाटलं हुतं शिव्या देशील — हरणे, माजी एक पोर तू घराबाहीर काढलीस आन् दुसरी मागतीस व्हय गं, तुजी जीभ कशी झडली न्हाई. न्हाई म्हणलास तसं. दोन म्हैनं इचार केलास आन् लुगडं घिऊन आलास! बाप न्हवं तू त्या दोघींचा?

दुसरं स्थळ? कुठलं दुसरं स्थळ आणतोस! धनाजीचं लगीन झालंय, त्येला बायकू हाय, तुज्या घरात बसलीय ती. न्हाई, धनाजीनं काय सांगितलेलं न्हाई मला. तो बोलतोय कुठं माज्याशी? कुपवाडला कारखान्यात तिथंच खोली केलीया त्येनं, ऐतवारी येतो, गाडी लावतो, पोराच्या फोटूसमोर बसतो, जातो. भाकरी वाढली तर खातो, न्हाई वाढली तर तसाच. एकदा म्हणाला — आई, अंजना ह्या दारात आली तर मी ह्या दारात येणार न्हाई. पर त्येच्यासाठनं न्हाई म्हणत न्हाई मी. माज्यासाठनं म्हणते. कागदासाठनं म्हणते.

कागद. सांगते की. दम धर.

ह्यो बेदाणा बघ. हातात घे, बघ कसा हिरवागार हाय. बाहीरगावचं व्यापारी येत्यात ना, त्यास्नी वाटतं द्राक्षं उन्हात घालून वाळवत्यात. उन्हात घाल की — काळा पडतो, कोण इचारत न्हाई मग. बेदाणा सावलीत वाळतो, दादा. वर पत्रा, बाजूनं ही हिरवी जाळी, आन् आतनं नुसता वारा फिरवायचा. तेरा वर्सं झाली मला ह्या शेडवर. जाळी कुठं हातभर फाटली तर मी मालकाशी भांडते, ऊन आत आलं, माल गेला म्हणून. मालक म्हणतो, हरणाबाई माज्यापरास तुलाच काळजी. आसं हाय. द्राक्षाला ऊन लागू दिलं न्हाई मी कवा. आन् नातवाला —

थांब. एक घोट मला बी दे ते पाणी.

जयराज झाला तवा तू आला हुतास. साडेपाच पौंडाचा, पर गोरापान, बघिटलास न्हवं? मी त्येला दिसभर खाली ठिवत न्हवते. सकाळी उठून तिळाच्या तेलानं आंग रगडायचं, आन् दारात पाट मांडून, उघड्या अंगानं, कोवळ्या उन्हात शेकायचं. समद्यांनी केलं, आईनं आपलं केलं, मी धनाजीचं केलं. ऊन खाल्लं की हाडं घट हुत्यात — डॉक्टर बी सांगत्यात की लोकास्नी! पर ह्येचं अंग लाल व्हायचं. लाल म्हंजी भाजल्यावाणी, फोड यायचं गालावर. मी म्हणलं उष्णता हाय, मायानं गरम काय तरी खाल्लं आसंल. ती म्हणायची, आत्या, त्येला ऊन सोसत न्हाई. आत्याच म्हणती अजून मला, सासूबाई म्हणली न्हाई कवा. आत्या, बघा की, सावलीत घेटलं की गप हुतो. मी म्हणायची, तू मला शिकव आता. चार लेकरं काढली मी हातानं आन् तू कालची पोर.

मग तिनं काय केलं, म्हाईत हाय? हितनं, ह्या शेडवरनं, जाळीचा तुकडा नेला एक. टाकाऊच हुता. त्येला आतनं स्वोताच्या जुन्या लुगड्याचं दुहेरी अस्तर लावलं, म्हंजी टोचू नये. आन् टोपडं शिवलं. म्होरं चार बोटं झालर, डोळ्यावर सावली पडंल अशी, आन् मागं मानंवर पदर. हिरवं. तिला कोण सांगितलं न्हवतं, डॉक्टर न्हाई, मास्तर न्हाई, तिनं आपलं आपणच वळखलं. आन् मी — दादा, मी ते त्येच्या डोक्यावरनं वडून काढलं. म्हणलं पोराचं बुजगावणं केलंस व्हय गं, लोक हसत्यात. ट्रंकेत टाकलं आन् किल्ली कमरंला लावली. आन् दुसऱ्या दिशी परत पाट मांडला. मीच. ह्याच हातांनी.

वाढलाच न्हाई तो. दोन वर्साचा झाला, तीन वर्साचा झाला, उंची तितकीच. डोळं खोल गेलं, गालावरचं मांस गेलं, पाठीला पोक आलं, कान तेवढं मोठं दिसाय लागलं. गावातली पोरं म्हातारबा म्हणायची. ऐकू बी कमी यायचं. पर हसायचा रं लय! कुणी बी येऊ दे, हसायचा. ही बेदाण्याच्या काड्या काढायची मशीन हाय न्हवं, ती सुरू झाली की तिच्या पत्र्याला हात लावून उभा ऱ्हायचा, आन् हाताला धडधड लागली की खदाखदा हसायचा. आवाज ऐकू येत न्हवता त्येला, हातानं ऐकायचा. मालक म्हणायचा, असू दे हरणाबाई, बसू दे त्येला हितंच. आन् दादा, हितं सावलीत असला की त्येच्या अंगावर एक फोड यायचा न्हाई. तरी माज्या डोस्क्यात उजेड पडला न्हाई.

अंगणवाडीच्या बाईनं सांगलीला धाडलं, पाच वर्सांचा झाल्यावर. तिथल्या डॉक्टरणीनं पोराचं रक्त घेटलं, धनाजीचं घेटलं, मायाचं घेटलं, कुठं लांब तपासायला धाडलं. दोन म्हैन्यांनी कागद आला. माया घरात पोराजवळ हुती, धनाजी एकटाच गेला आणायला. आला तो न्हाणीपशी बसला, बूट सुदीक काढलं न्हाईत. म्हणाला, आई, माज्याकडनं बी आलंय आन् तिच्याकडनं बी आलंय, दोघांचं मिळून झालंय. औषद न्हाई. मी म्हणलं, हळू बोल. पयलं काय सुचलं मला? रडू न्हाई सुचलं. हळू बोल, आसं सुचलं. म्हणलं, तुज्याकडनं म्हंजी माज्याकडनं, लोक काय म्हणतील, हरणाबाईच्या रक्तात खोट हाय? मायाला काय सांगू नगंस. सांग की कागदात काय निघालं न्हाई. आन् त्येनं तसं सांगितलं. आईचं ऐकणारं पोर हाय ते, लय वाईट खोड.

कागद मी ट्रंकेत ठिवला. टोपड्याजवळच.

व्हय, येते, त्या सूर्याच्या गिराणाच्या गोष्टीवर बी येते. मला वाटलंच तू इचारशील. मायानं पोटुशी असताना गिराणात विळीवर कांदा चिरला, म्हणून पोर आसं झालं — तुला सांगितलं, तुज्या बायकूला सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं, मयतीला आल्याल्या बायांस्नी बी सांगितलं, पोराला माती देऊन आल्यावर. सगळ्यास्नी पटलं. तुला बी पटलं, पटलं न्हवं?

न्हवता चिरला तिनं कांदा.

न्हाई म्हणते न्हवं! विळीला शिवली बी न्हवती. गिराणभर कोपऱ्यात बसली हुती, पाण्याचा घोट न्हाई घेटला, मी बसवलं हुतं म्हणून बसली. मी रचलं ते. मयतीच्या दिशी कोण तरी म्हणलं, आसं कशानं झालं असंल गं हरणे, आन् माज्या तोंडातनं निगालं. निगालं ते निगालं, मग परत गिळाय आलं न्हाई. ती तिथंच बसली हुती, पोराची चड्डी मांडीवर घिऊन. वर बघिटलं तिनं माज्याकडं. म्हणली न्हाई, आत्या, हे खोटं हाय म्हणून.  नुसतं बघिटलं. आन् म्हैना झाला न्हाई तोवर मी तुला फोन केला, पोरगी घिऊन जा म्हणून.

आता रडतोस व्हय. रड. मला तर ते बी येत न्हाई. मला कळलंय तुमच्या तिकडं काय चाललंय, बसमदी बाया भेटत्यात मला. बारशाला बोलवत न्हाईत तिला कोण. शेजारचं तान्हं रडत हुतं म्हणून उचलाय गेली तर त्येच्या आईनं हातातनं वडून घेटलं — गिराण लागल्याली बाई, शिवू नगं म्हणून. ते माज्या तोंडातनं निगाल्यालं, दादा. हितनं जतपतुर गेलं चालत.

मग? मग अंजनाचा इषय काढला तवा धनाजी म्हणाला, आई, आधी तू चल माज्यासंगं. गाडीवर बसवलं आन् सांगलीला नेलं, त्याच डॉक्टरणीकडं. तरणी पोर हाय, माज्या नातीसारखी. मला म्हणली, आजी, तुम्ही लोकर काततासा न्हवं? म्हणलं, बाई, चातीवर जलम गेला. मग तिनं मला समजंल असं सांगितलं. म्हणली, आपल्या अंगातल्या कणाकणात एक सूत आसतं, लय लांब, घट गुंडाळून ठिवल्यालं, लोकरीच्या गुंड्यासारखं. उन्हानं, कशानं ना कशानं ते सूत रोज जागोजाग बिघडतं. तुजं बी बिघडतं, माजं बी. मग एक रफूवाला येतो. बिघडल्या जागी गुंडा सैल करतो, आतलं सूत मोकळं करतो, आन् सांधणाऱ्या बाकीच्यास्नी हाक मारून आणतो. त्यो रफूवाला कसा घडवायचा ते जिथं लिवलंय त्येला म्हणत्यात जीन. ह्येचं नाव ई आर शी शी, आन् पुढं सहाचा आकडा. पाठ केलंय मी, दादा. देवाचं नाव सकाळी इसरंल पर ते इसरत न्हाई.

आन् ते लिवल्यालं दोनदा आसतं, एक आईकडनं आल्यालं, एक बापाकडनं. एक खराब निगालं तर दुसऱ्यावर भागतं, माणूस शंभर वर्सं जगंल, कळायचं बी न्हाई. दोन्ही खराब आली तर रफूवाला येतच न्हाई. धनाजीच्या कागदावर आन् मायाच्या कागदावर एकच अक्षर चुकल्यालं, एकाच जागी. डॉक्टरीण म्हणली, आजी, ह्यांचं मूळ एकच दिसतंय. मी म्हणलं, एकच हाय बाई, भावाची पोर मीच आणलीया. मिरवत आणली हुती. मायाच्या बारशात मीच म्हणलं हुतं न्हवं, ही माजी, दुसरं कोण बघायचं न्हाई? आन् तू मांडीवर दिलीस माज्या. आपल्या आईनं तसंच केलं, तिच्या आत्यानं तसंच केलं. परकी पोर कशाला, आपली ती आपली.

मग माजं रक्त घेटलं तिनं. गेल्या बेस्तरवारी कागद आला. हाय. माज्यात हाय, तेच अक्षर, तीच जागा. धनाजीला मी दिलं. आन् मायाला तू दिलंस, दादा, बहुतेक तूच — तुजं रक्त बघिटल्याबिगर नक्की सांगत न्हाई म्हणली, पर तूच. आन् अंजनात आसंल का? आसंल बी, नसंल बी, निम्मं-निम्मं, रक्त बघावं लागतं. आसलं, आन् तिला माज्या धनाजीला दिली, तर परत तेच. परत एक जयराज. आन् मी परत पाट मांडून बसू व्हय दारात?

तुला बिरू याद हाय? आपला धाकटा भाऊ. हाय न्हवं. तीन वर्साचा हून गेला, बसाय बी येत न्हवतं. डोळं कसं हुतं त्येचं? खोल. आई त्येला घोंगड्याखाली झाकून ठिवायची आन् आबा चिडायचं, धनगराचं पोर आन् उन्हाला भेतंय! तू त्येला खांद्यावर घिऊन मेंढरामागं हिंडायचास, दिस दिस. तुजा लय जीव त्येच्यावर. न्हाई, न्हाई, तुला नाव ठिवत न्हाई मी. आपल्याला काय कळत हुतं. पर गेल्या बेस्तरवारी तो कागद हातात घेटला आन् मला बिरू दिसला. जयराज न्हाई दिसला, बिरू दिसला, तुज्या खांद्यावर बसल्याला. सा वर्सं ती तशीच मान, तसंच डोळं माज्या दारात हुतं, आन् मी वळखलं न्हाई. वळखलं असतं तर तवाच पाट उचलला असता, कांद्याचं बी रचलं नसतं.

डॉक्टरीण म्हणती, आजी, उन्हानं गेला न्हाई तो, ऊन न्हाई लागलं तरी गेलाच आसता, आतनंच झिजत हुता. म्हणती, ह्यात कुणाचा दोष न्हाई. मी तिला इचारलं, बाई, रक्ताचा दोष नसंल कुणाचा, मान्य. पर त्येला फोड यायचं, तो वरडायचा, आन् मी धरून ठिवायची — त्येचं काय? आन् कांद्याचं काय? तिनं कागदाची घडी घालून माज्या हातात दिली. चांगली पोर हाय, उगा काय तरी बोलली न्हाई.

बस बस, उठू नगंस इतक्यात. हे घे. कागद हाय, तिघांचा. धनाजीनं मागच्या बाजूला मराठीत लिवून दिलंय समदं. मायाला वाचून दाखीव. शाळा शिकल्याली हाय ती, तीच वाचंल, तू नुसता दे. समद्या भावकीत सांग. पाणवठ्यावर सांग, बारशाबारशाला जाऊन सांग, हरणाबाईनं खोटं सांगितलं, पोरगी विळीला शिवली न्हवती. माजं नाव घिऊन सांग. तुला लाज वाटत आसली तर मला बोलीव, मी येते, तुज्या आळीत उभी ऱ्हाऊन सांगते. आन् अंजनाचं रक्त तपासल्याबिगर तिचं कुठं जमवू नगंस, नात्यात तर न्हाईच न्हाई. माज्या गळ्याची शपथ घे. घे की. हां.

ह्ये? ह्ये काय न्हाई, भाकरीच्या फडक्यात आसतं माज्या. व्हय — तेच. टोपडं. ट्रंकेतनं काढलं मी, रोज संगं आणते. बघ, अस्तर कसं लावलंय, टाका दिसतोय का कुठं? लय हात बारीक तिचा. एकदाच घातलं त्येनं, दिसभर बी न्हाई. तेलाचा वास हाय अजून आत, माज्याच तेलाचा. न्हाई! हात नगं लावू. तुज्याजवळ देत न्हाई मी. तिला सांग, आत्यानं दिलं न्हाई. सांग, आत्याजवळ हाय ते, स्वोता येऊन न्यावं. राहायला ये म्हणत न्हाई मी, कोणत्या तोंडानं म्हणू? आन् धनाजी तिला आणाय न्हाई आला, तो बी माज्या धाकानं, ते बी सांग. नुसतं येऊन घिऊन जा म्हणावं. आली तर मी बाहीर जाऊन बसंन, तोंड दावणार न्हाई.

न्हाई आली तर? न्हाई आली तर न्हाई. मी तिच्या जागी असते तर मी बी आले नसते.

यष्टीचा हारन वाजला बघ. तीनची हाय, चुकली तर सांजपतुर बसशील. ऊठ. पिशवी घे, पेढं तिकडंच वाट कुणाला तरी, हितं नगंत. बायका परत याय लागल्या, डोळं पूस. उन्हातनं नगं जाऊ, जाळीच्या कडंकडंनं जा फाट्यापतुर. आन् मागं बघू नगंस, दादा. जा. मला घमेलं संपवायचंय.